चपळ मासा आणि स्थिर चित्र

ठाणें, कल्याण आणि डोंबिवली येथील पुष्कळ घरांत दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यांत माशांची काचेची पेटी असते. मुंबईस १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, तेव्हां लोकलनें जाऊन जें नवल पाहावें लागे, तें आतां घरबसल्या पाहावयास मिळतें. अशा पेटीचे यजमान माशाचें छायाचित्र घेऊं लागले, म्हणजे मात्र बहुधा निराश होतात. काचेमागें स्पष्ट दिसणारा मासा चित्रांत केवळ रुपेरी ओरखडा होऊन उतरतो. दोष कॅमेऱ्यावर ढकलला जातो; वास्तविक त्यामागें एक साधें गणित आहे.

उदाहरणार्थ, झेब्रा मासा घ्यावा. अंगावर निळे पट्टे असलेल्या या माशाचें वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन यानें गंगेंतील माशांवरील आपल्या ग्रंथांत १८२२ सालीं केलें. त्याची लांबी सुमारें ४ सेंटिमीटर. लहान मासे दचकून पळतात, तेव्हां सेकंदाला आपल्या लांबीच्या दहापट अंतर कापूं शकतात. म्हणजे हा मासा सेकंदांत ४० सेंटिमीटर जाईल. कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाचा ५० वा भाग उघडा राहिला, तर तेवढ्यांत मासा ८ मिलिमीटर, म्हणजे स्वतःच्या देहाच्या पंचमांशाइतका, पुढें सरकतो. तोच पडदा सेकंदाचा ८०० वा भाग उघडला, तर हें सरकणें अवघें अर्धा मिलिमीटर उरतें, आणि चित्र रेखीव येतें.

परंतु वेळ सोळाव्या हिश्शावर आला, कीं प्रकाशही सोळाव्या हिश्शावर येतो. म्हणून चपळ माशाच्या चित्राचा खरा प्रश्न प्रकाशाचा आहे. अमेरिकेंत हॅरल्ड एजर्टन यांनीं १९३० नंतरच्या दशकांत विजेच्या क्षणिक लखलखाटानें दुधाच्या उडत्या थेंबाचींही चित्रें घेतलीं. आजचा फ्लॅश त्याच तत्त्वावर चालतो. खोली अंधुक असेल, तर कॅमेऱ्याचा पडदा किती वेळ उघडा होता याला फारसें महत्त्व राहत नाहीं. फ्लॅश जितका वेळ चमकला, तितकाच वेळ चित्रांत उमटतो. हा फ्लॅश कॅमेऱ्यावर न ठेवतां पेटीच्या वर, झांकणाच्या काचेवर धरावा. समोरून टाकलेला उजेड काचेवर आदळून परत येतो. मोबाईलनें चित्र घेणारांनीं पेटीवरील दिवा अधिक प्रखर करावा. कांहीं स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळां लुकलुकतात. डोळ्यांस तें जाणवत नाहीं, पण चित्रांत काळे पट्टे उमटतात. तसें झाल्यास दिवा बदलावा.

काच आणि पाणी यांचेही कांहीं नियम आहेत. काचेपासून १२ सेंटिमीटर आंत असलेला मासा समोरून पाहतां सुमारें ९ सेंटिमीटरवरच भासतो. तिरकस पाहिल्यास त्याच्या कडा रंगीत व फिसकटलेल्या दिसतात. म्हणून भिंग काचेशीं अगदीं सरळ, काटकोनांत धरावें. खोलींतील इतर दिवे मालवावे आणि भिंगाभोंवतीं काळें कापड धरावें, म्हणजे स्वतःचें प्रतिबिंब चित्रांत येत नाहीं. काच आंतून आदल्या दिवशीं पुसावी. त्याच दिवशीं पुसल्यास उडालेला गाळ पाण्यांत तरंगत राहतो.

एवढी सिद्धता झाल्यावर माशाचा पाठलाग करूं नये. प्रत्येक माशाच्या येण्याजाण्याच्या वाटा ठरलेल्या असतात, आणि कोपऱ्यावर वळतांना तो क्षणभर मंदावतो. त्या वळणाजवळच्या एखाद्या पानावर भिंग आधींच जुळवून ठेवावें व वाट पाहावी. चिमूटभर खाद्य तेथें टाकल्यास काम अधिक सोपें होतें.

मात्र माशाची सर्वच धांव आनंदाची नसते. पश्चिम घाटांतील वाहत्या नद्यांत राहणारा, अंगावर लाल रेघ असलेला डेनिसन मासा हौशी लोक पाळतात. त्याच्या प्रजातीस २०१३ सालीं संशोधकांनीं ‘सह्याद्रिया’ हें नांव दिलें. वाहत्या पाण्याचा हा प्राणी आखूड पेटींत ठेवला, तर काचेला लागून येरझाऱ्या घालतो. ती चपळाई नव्हे, जागेची टंचाई होय. तसेंच, काचेवर टिचक्या मारून मासा पळवूं नये, आणि पूर्ण अंधारांत एकाएकीं फ्लॅश उडवूं नये. घाबरलेला मासा काचेवर आदळतो किंवा उघड्या पेटींतून बाहेर उडी घेतो. उन्हाळ्यांत पाणी तापलें, कीं त्यांतील प्राणवायू घटतो. त्यांत वीज जाऊन हवेचा पंप थांबला, तर मासे पृष्ठभागाशीं येऊन तोंडें उघडूं लागतात. त्या वेळीं कॅमेरा खालीं ठेवून प्रथम पाणी हलवावें.

स्थिर चित्राचा सर्वांत मोठा उपयोग येथेंच आहे. पोहतांना न दिसणारे मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके, फाटलेलें पर, सुजलेला कल्ला हीं चित्र मोठें करून पाहतां ध्यानांत येतात. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग परोपजीवी जंतूंमुळें होतो व एका माशाकडून साऱ्या पेटींत पसरतो. तो पहिल्या ठिपक्यालाच ओळखला, तर बाकीचे मासे वांचविण्यास अवधि मिळतो. म्हणून दर आठवड्यास प्रत्येक माशाचें एक तरी चित्र घेऊन तारखेसह जपून ठेवावें, आणि नवें चित्र मागील चित्राशेजारीं ठेवून पाहावें.