औषधाच्या डबीची जन्मकथा

औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्या संपल्या की डबी केरात जाते. त्याआधी तिची चिकटवलेली कड हलकेच सोडवून पाहावी. हातात उरतो पुठ्ठ्याचा एक सपाट, कान फुटलेला तुकडा. छपाई होते ती या सपाट अवस्थेतच.

छापखान्यात एकाच मोठ्या तावावर असे अनेक तुकडे एकमेकांच्या खाचांत बसवून मांडतात. पुठ्ठा वाया जाणे म्हणजे पैसा वाया जाणे. चित्र असेल तर निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चारच शायांच्या बारीक ठिपक्यांतून ते उभे राहते. भिंग लावले की ठिपके दिसतात.

खरी गंमत यापुढे आहे. लाकडी फळीत पोलादी पट्ट्या बसवून साचा, म्हणजे 'डाय', करतात. धारदार पट्ट्या पुठ्ठा कापतात. किंचित ठेंगण्या, बोथट पट्ट्या नुसती दुमड उमटवतात. दोन्ही कामे एकाच दाबात होतात! ही युक्ती अपघाताने हाती आली. १८७९ साली न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट गेअर यांच्या कारखान्यात बियाण्यांच्या पिशव्या छापताना धातूची एक पट्टी वर सरकली आणि पिशव्या कापल्या गेल्या. दुसरा मालक कामगारावर खेकसून मोकळा झाला असता. गेअर यांनी त्यातून घडीचे खोके काढले.

चिकटवायच्या कानावर शाई वा रोगण लावीत नाहीत, कारण तेथे डिंक नीट धरत नाही. एवढ्याशा कोऱ्या पट्टीवर सगळी डबी उभी असते.

परंतु औषधाच्या डबीत सर्वांत मोठे भय शाईचे नव्हे, सरमिसळीचे. एकच औषध ५ आणि १० मिलिग्रॅमचे असते. डब्या दिसायला जुळ्या बहिणी. एका गठ्ठ्यात दुसरीच्या चार डब्या शिरल्या, तर रोग्याच्या पोटात दुप्पट मात्रा जाईल. म्हणून जपणारे छापखाने असे दोन प्रकार एका तावावर घेत नाहीत आणि रद्द माल मोजून नष्ट करतात. डबीच्या कानावर बारीक-जाड रेघांची खूण छापलेली असते. गोळ्या भरताना यंत्राचा विजेचा डोळा ती वाचतो आणि परकी डबी बाहेर फेकतो.

ग्राहकासाठी आपल्याकडे १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० नामांकित औषधांच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. त्यात औषधाचे नाव, उत्पादक, तुकडीचा क्रमांक आणि मुदत ही माहिती असते.