उंदराची आठवण आणि नऊ अमिनो आम्ले

काल शिकलेला धडा आज आठवतो, कारण शिकताना मेंदूतील चेतापेशींच्या जोडण्यांमध्ये काही बदल होतात. शरीरात तयार होणाऱ्या एखाद्या रसायनाचा या बदलांवर प्रभाव पडतो काय?

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पोष ग्रंथी असते. तिच्या मागील भागातून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक रक्तात मिसळते. मूत्रावाटे जाणारे पाणी वाचविणे, हे त्याचे मुख्य काम. त्याच्यामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाबही वाढतो. व्हॅसोप्रेसिन म्हणजे अवघ्या नऊ अमिनो आम्लांची साखळी. अशा छोट्या साखळीला पेप्टाइड म्हणतात. चेतापेशी तयार करतात ती न्यूरोपेप्टाइडे.

नेदरलँड्समधील शास्त्रज्ञ डेव्हिड डी वीड यांनी काही उंदरांच्या पोष ग्रंथीचा मागील भाग काढून टाकला. मग त्यांना दोन कप्प्यांच्या पेटीत ठेवले. आधी इशारा होई, मागोमाग विजेचा सौम्य धक्का बसे. इशारा होताच दुसऱ्या कप्प्यात पळावे, हे हे उंदीर इतरांप्रमाणेच शिकले. पुढे धक्का देणे बंद केले, तेव्हा मात्र त्यांची ही सवय इतरांपेक्षा लवकर मोडली. व्हॅसोप्रेसिन टोचल्यावर ती पुन्हा टिकू लागली! हे निष्कर्ष 1965 साली प्रसिद्ध झाले.

तर मग स्मरणशक्तीचे रसायन सापडले म्हणायचे काय? थोडे थांबा. वर्गात एखादा मुलगा उत्तर देत नाही, तेव्हा तो उत्तर विसरला असेल किंवा पेंगत असेल. उंदराचेही तसेच. आपल्याला दिसते ते त्याचे पळणे. आठवण दिसत नाही. 1981 साली ल मोआल, कूब व त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हॅसोप्रेसिनची रक्तदाब वाढविण्याची क्रिया रोखणारे द्रव्य वापरून पाहिले. तेव्हा टोचलेल्या व्हॅसोप्रेसिनचा वर्तनावरील परिणामही थांबला. म्हणजे उंदीर केवळ अधिक उत्तेजित, अधिक सावध होत असावा, अशी शंका बळावली.

ही शंका टाळायची कशी? त्याच प्राण्याची निरनिराळ्या प्रकारे परीक्षा घेऊन. व्हॅसोप्रेसिनचे भावंड ऑक्सिटोसिन. दोघांत फक्त दोन अमिनो आम्लांचा फरक. ऑक्सिटोसिनचा जनुक नसलेल्या उंदरांवरील प्रयोग 2000 साली प्रसिद्ध झाले. एकदा भेटलेल्या उंदराला पुन्हा भेटल्यावर साधा उंदीर कमी वेळ हुंगतो, कारण ओळख पटलेली असते. हे उंदीर मात्र दर वेळी नवख्याला हुंगावे तसे हुंगत राहिले. त्यांचे नाक शाबूत होते आणि पाण्यातील लपलेली जागा शोधायलाही ते नीट शिकले. हरवली होती ती फक्त सोबत्याची ओळख.

म्हणून 'स्मरणशक्ती वाढविणाऱ्या' औषधाची जाहिरात पाहाल, तेव्हा अवश्य विचारा: कोणती आठवण वाढली, की नुसती झोप उडाली?