पपनस आणि प्रत्यारोपणाची गोळी

मूत्रपिंड किंवा यकृताचे प्रत्यारोपण झाले की घरचे आधी विचारतात, आता खायला काय द्यायचे? सुरुवातीच्या आठवड्यांत जखम भरायला प्रथिने जास्त लागतात, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम. वरण, अंडी, पनीर आहेतच.

खरी काळजी आतड्याची. शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस देतात. आतड्याच्या अस्तरातले सीवायपी३ए४ हे विकर या औषधाचा बराच भाग रक्तात पोहोचण्याआधीच मोडून टाकते. ग्रेपफ्रूट आणि आपल्याकडचे पपनस या विकरालाच अडवतात. मग तेवढ्याच गोळीने रक्तातली पातळी चढते आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. म्हणून गणपतीत फोडलेल्या पपनसाची एक फोडही नको. जुलाब लागले तरी पातळी अशीच वाढू शकते. घरगुती उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टरांना कळवा.

कच्ची मोडाची कडधान्ये, न उकळलेले दूध, गाडीवरची पाणीपुरी टाळा, कारण प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबलेली असते. टॅक्रोलिमसने पोटॅशियमही वाढू शकते, तेव्हा शहाळ्याचे पाणी विचारूनच प्या. आणि प्रोबायोटिकच्या कॅप्सूल मनाने अजिबात सुरू करू नका. त्यांत जिवंत जिवाणू असतात.