संगणकातील विषाणू आणि मंदावणारे यंत्र

शाळेतील अथवा पंचायतीच्या कचेरीतील संगणक एक दाखला काढावयास अर्धा तास घेऊ लागला, की दोष सामान्यतः यंत्राच्या वयाला दिला जातो. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु काही वेळा यंत्र म्हातारे झालेले नसते. त्याच्याकडून दुसरेच कोणी काम करवून घेत असते.

संगणकातील विषाणू हा जंतू नव्हे. धूळ वा दमट हवा यांपासून तो उद्भवत नाही. ती माणसाने लिहिलेली आज्ञावली, म्हणजेच प्रोग्रॅम, असते. ती दुसऱ्या आज्ञावलीला चिकटते आणि स्वतःच्या प्रती काढीत राहते.

संगणकाची डिस्क हे कचेरीतील कपाट मानले, तर त्याची स्मृती म्हणजे कारकुनाचे टेबल होय. चालू कामाचे कागद तेवढे टेबलावर येतात. विषाणू कपाटात पडून असेपर्यंत काही करू शकत नाही. बाधित आज्ञावली उघडताच तो टेबलावर येतो, आणि ती बंद केली तरी पुष्कळदा तेथून हलत नाही.

१९८७ साली आढळलेला ‘जेरुसलेम’ विषाणू याचा उत्तम नमुना आहे. स्मृतीत ठाण मांडून तो उघडल्या जाणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीत शिरे. कर्त्याच्याच चुकीमुळे काही आज्ञावलींत तो पुनःपुन्हा शिरत असे व दर खेपेस सुमारे १,८०० बाइटांची भर घाली. त्या काळच्या वैयक्तिक संगणकांत आज्ञावलींसाठी स्मृती असे अवघी ६४० किलोबाइट. फुगलेली आज्ञावली अखेर तीत मावेनाशी होई. शिवाय अर्ध्या तासाने तो यंत्राची गती मुद्दाम मंद करी. तेरा तारखेस शुक्रवार आला, की उघडलेली आज्ञावलीच पुसून टाकी. लोकांच्या लक्षात राहिला तो शुक्रवार. रोजचा जाच मात्र फुगवट्याचा होता.

काहीही न पुसता यंत्र ठप्प करता येते, हे २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत दिसले. कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने संगणकांच्या जाळ्यात एक आज्ञावली सोडली. दुसऱ्या आज्ञावलीचा आधार न घेता ती स्वतंत्र हिंडे, म्हणून तिला ‘कृमी’ म्हणतात. यंत्रात आधीची प्रत असली, तरी सातांपैकी एका खेपेस नवी प्रत ठाण मांडी. प्रतींची एवढी गर्दी झाली, की प्रक्रियकास खऱ्या कामासाठी सवडच उरली नाही.

आजची स्मृती त्या मानाने हजारो पट मोठी असल्याने बाधा चटकन जाणवत नाही. परक्याच्या यंत्रावर गुपचूप आभासी चलन निर्माण करणाऱ्या आज्ञावली तर मुख्यतः प्रक्रियकच राबवितात. काम नसतानाही पंखा जोराने फिरत राहतो. यंत्र बंद करून सुरू केल्यास टेबल रिकामे होते, पण कपाटातील मूळ प्रत परत येते. तेव्हा विषाणूरोधक आज्ञावलीने डिस्क तपासून घ्यावी. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्रामार्फत अशी काही साधने विनामूल्य दिली जातात. बाहेरून आलेला पेन ड्राइव्ह तपासल्यावाचून उघडू नये. नोंदींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी व ती डिस्क यंत्रास जोडलेली ठेवू नये. जोडलेल्या प्रतीलाही तीच बाधा होते.