संगणकाचे श्रमदान

अमरावतीत किंवा अकोल्यात आज अनेक घरांमध्ये एक दमदार संगणक असतो. मुलाच्या अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठी तो घेतलेला असतो, आणि खरे सांगायचे तर खेळांसाठीही. दिवसाचे दोन-तीन तास तो राबतो. उरलेला वेळ स्वस्थ उभा असतो. अशा वेळी कोणीतरी सांगते की, संगणकाचा हा रिकामा वेळ कर्करोग, क्षय किंवा स्मृतिभ्रंश यांवरील संशोधनाला देता येतो. घरच्यांना कल्पना मनापासून आवडते. आजीच्या स्मरणार्थ काही करावे असे मनात असतेच. मग विचार पुढे जातो : लाखभर रुपयांचा नवा संगणक घ्यावा आणि अहोरात्र याच कामाला लावावा.

हेतू निर्मळ आहे. परंतु दान करताना कोणाला द्यावे, काय द्यावे आणि कसे द्यावे, हे पाहण्याची रीत जुनी आहे. संगणकाच्या श्रमदानालाही हे तिन्ही प्रश्न लागू पडतात, आणि त्यांची उत्तरे शोधताना नव्या यंत्राचा संकल्प पुन्हा तपासून पाहावा लागतो.

कोणाला द्यावे?

एका महाकाय यंत्राऐवजी अनेक लहान यंत्रांकडून मोठे काम करून घ्यावे, ही कल्पना वऱ्हाडाला परकी नाही. डॉ. विजय भटकर यांचा जन्म १९४६ मध्ये अकोला जिल्ह्यातील मुरंबा या गावी झाला. परदेशातून हवा तसा महासंगणक भारताला मिळत नव्हता, त्या काळात १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. भटकरांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. त्याचे मर्म हेच होते की, मोठे गणित तुकड्यांत वाटायचे आणि अनेक प्रोसेसरांनी ते एकाच वेळी सोडवायचे.

‘परम’चे प्रोसेसर एका छताखाली होते, स्वयंसेवी गणनेत ते जगभरच्या घरांत विखुरलेले असतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रा. विजय पांडे यांनी ऑक्टोबर २००० मध्ये ‘फोल्डिंग ॲट होम’ हा उपक्रम सुरू केला. शरीरातील प्रथिने ही अमिनो आम्लांच्या लांब साखळ्या असतात. साखळी योग्य रीतीने दुमडली तर प्रथिन आपले काम करते. चुकीच्या घड्यांचा संबंध अल्झायमरसारख्या आजारांशी आहे. ही हालचाल संगणकावर रेखाटताना एकेक पाऊल इतके सूक्ष्म घ्यावे लागते की, सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाचे चित्र उभे करायला पंचवीस ते पन्नास कोटी पावले लागतात. म्हणूनच हे काम तुकडे करून घरोघरी पाठवले जाते. संगणक तुकडा सोडवतो, उत्तर परत पाठवतो आणि नवा तुकडा मागवतो.

२०२० च्या मार्च महिन्यात, कोरोनाच्या टाळेबंदीत, लाखो लोक या उपक्रमात सामील झाले. त्यांच्या यंत्रांची एकत्रित शक्ती सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या गणितक्रियांच्या पलीकडे गेली. त्या वेळचा कोणताही एक महासंगणक तिथवर पोहोचला नव्हता. त्याच काळात सुरू झालेल्या ‘कोविड मूनशॉट’ या खुल्या प्रकल्पाकडे जगभरातून अठरा हजारांहून अधिक रेणूंचे आराखडे आले. त्यांतील कोणते प्रत्यक्ष तयार करून पाहावेत, हे ठरवताना या घरगुती संगणकांनी केलेली आकडेमोड उपयोगी पडली. २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या रेणूंवर कोणी पेटंट घेतले नाही.

याच प्रकारचे आणखी दोन उपक्रम सांगण्यासारखे आहेत. वॉशिंग्टन विद्यापीठातील डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेने २००५ मध्ये ‘रोझेटा ॲट होम’ सुरू केले. बेकर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. ‘वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड’ हा उपक्रम आयबीएमने २००४ मध्ये उभारला आणि २०२१ मध्ये तो टोरांटोच्या क्रेम्बिल संशोधन संस्थेकडे गेला. कर्करोगाच्या खुणा शोधण्याचा त्याचा प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाने क्षयाच्या जंतूभोवतीच्या मेणचट आवरणाचा अभ्यास हाती घेतला. हे आवरणच जंतूला औषधांपासून वाचवते.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता प्रथिनांचे आकार ओळखू लागली आहे. मग घरच्या संगणकांची गरज उरली का, असे विचारले जाते. आकार कळणे हे एका छायाचित्रासारखे आहे. प्रथिन क्षणोक्षणी कसे हलते, त्यात औषध शिरण्याजोगी पोकळी केव्हा उघडते, हे कळायला चलच्चित्र लागते. ते काढण्यासाठी आजही प्रचंड आकडेमोड करावी लागते.

या वाचकवर्गाच्या मनात आणखी एक प्रश्न उभा राहतो : अशा गणनेमुळे प्राण्यांवरील चाचण्या थांबतात का? थांबत नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. निरुपयोगी रेणू संगणकावरच गाळले गेले, तर पुढच्या टप्प्यात तपासायचे रेणू कमी होतात. हे काम तेवढेच साधते, पण तेवढेही लहान नाही.

काय द्यावे?

कोणत्या यंत्राने कोणते काम होते, हे आधी पाहावे. ‘फोल्डिंग ॲट होम’चे काम मुख्यतः ग्राफिक्स कार्डावर चालते. प्रोसेसरमध्ये थोडे पण अष्टपैलू कामगार असतात. ग्राफिक्स कार्डात एकाच प्रकारचे गणित एकदम करणारे हजारो. अणूंमधील आकर्षण-प्रतिकर्षणाची गणिते या दुसऱ्या प्रकारात बसतात. म्हणून मध्यम प्रतीचे, अलीकडच्या पिढीचे स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक येथे खरा उपयोगी. या कामाला कार्डावरील स्मृती फार लागत नाही. केवळ अधिक स्मृतीसाठी अधिक किंमत मोजणे व्यर्थ होय.

‘रोझेटा’ आणि कर्करोगाच्या खुणांचा प्रकल्प प्रोसेसरवर चालतात. तेथे प्रोसेसरचे गाभे आणि रॅम यांचा मेळ पाहावा. ‘रोझेटा’चा एकेक तुकडा एक-दोन जीबी रॅम व्यापू शकतो. आठ गाभे आणि आठच जीबी रॅम असेल, तर सगळे गाभे कामाला लावू नयेत. घरचा संगणक अडखळू लागेल. सोळा जीबी रॅम असली की अडचण येत नाही.

पंधरा वर्षांपूर्वीचा, अडगळीत पडलेला संगणक या कामी द्यावा का? बहुधा देऊ नये. प्रत्येक तुकड्याला मुदत असते. उत्तर वेळेत आले नाही, तर तोच तुकडा दुसऱ्याकडे जातो आणि पहिल्याची वीज वाया जाते. शिवाय जुने यंत्र तेवढ्याच कामासाठी कितीतरी अधिक वीज घेते. पातळ लॅपटॉपही रात्रभर राबवू नये. तो तापतो आणि बॅटरीचे आयुष्य घटते.

मुलाच्या शिक्षणासाठी संगणक घ्यायचाच असेल, तर थोडी दृष्टी ठेवून घ्यावा. एसएमपीएसवर हात आखडू नये. चांगल्या दर्जाच्या एसएमपीएसमध्ये वीज कमी वाया जाते आणि आगीचा धोकाही घटतो. कॅबिनेटला समोरून जाळी आणि धुळीची गाळणी असावी. वऱ्हाडात कापसाच्या हंगामात हवेत तूस असते. ते पंख्यांत अडकले की यंत्र तापते, म्हणून दर महिन्याला सफाई हवी. सहाशे व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंतच भार उचलतो, तोही काही मिनिटेच. वीज अचानक गेली तरी केलेले सारे काम बुडत नाही. शेवटच्या नोंदीपासून ते पुन्हा सुरू होते. त्यामुळे केवळ या कामासाठी संगणक घरच्या इन्व्हर्टरवर चालवू नये.

दुकानाच्या हिशेबाचा संगणक या कामाला लावू नये. तेथे गिऱ्हाइकांची आणि कराची माहिती असते. शिवाय बंद दुकानात रात्रभर तापणारे यंत्र ठेवणे धोक्याचे आहे. महाविद्यालयाची प्रयोगशाळा असेल, तर लेखी परवानगी आधी घ्यावी. कार्यक्रम केवळ प्रकल्पाच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावा.

कसे द्यावे?

येथे खरा हिशेब सुरू होतो. ‘संगणक रिकामाच आहे, मग फुकटच काम होईल’ हा समज चुकीचा आहे. रिकामा संगणक थोडी वीज घेतो. पूर्ण भाराने राबणारा कित्येक पट.

ग्राफिक्स कार्डासह संगणक ३०० वॉट घेत असेल, तर चोवीस तासांत ७.२ युनिट आणि तीस दिवसांत २१६ युनिट होतात. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनी वाढतात : शंभर युनिटपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा. घरचा नेहमीचा वापर खालचे टप्पे आधीच भरून टाकतो. संगणकाचे युनिट वरच्या, महागड्या टप्प्यात पडतात. हिशेबासाठी युनिटला बारा रुपये धरले, तर महिन्याला २,५९२ आणि वर्षाला ३१,१०४ रुपये होतात. यंत्राची किंमत यात नाही.

दुसरी गोष्ट उष्णतेची. संगणकाने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या दिवसांत ३०० वॉटचा हीटर खोलीत लावून ठेवणे आणि ती उष्णता काढायला एसी चालवणे, हा दुहेरी अपव्यय आहे. वाळ्याच्या कूलरसमोर संगणक ठेवल्याने दमट हवा आणि धूळ आत जाते, ते वेगळेच.

यातून मार्ग निघतो तो मर्यादेचा. ग्राफिक्स कार्डाची वीज उपलब्ध सोयीने खाली बांधता येते. वीज तिसऱ्या हिश्श्याने घटवली तरी काम सहसा त्या मानाने बरेच कमी घटते. ‘बॉइंक’ या कार्यक्रमात प्रोसेसरचा किती भाग द्यावा आणि किती वाजता द्यावा, हे ठरवता येते. ‘फोल्डिंग ॲट होम’मध्ये हातातला तुकडा संपवून थांबण्याची सोय आहे; गावाला निघण्यापूर्वी ती वापरावी.

आता दुसरा हिशेब पाहावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी असे चार महिने, केवळ रात्रीचे आठ तास, २०० वॉटच्या मर्यादेत. रात्रीला १.६ युनिट, एकशेवीस रात्रींचे १९२ युनिट, म्हणजे २,३०४ रुपये. अहोरात्र राबणाऱ्या संगणकाच्या एका महिन्याच्या बिलापेक्षाही हा संपूर्ण हंगामाचा खर्च कमी आहे. थंडीत यंत्र निवांत चालते, खोलीची ऊब कोणाला नकोशी होत नाही, आणि शास्त्रज्ञांना ९६० तासांचे काम मिळते.

गुणांच्या बाबतीतही सावध राहावे. हे उपक्रम केलेल्या कामाचे गुण देतात, संघांच्या क्रमवाऱ्या लावतात. त्यात गैर काही नाही. पण क्रमांक वाढवण्यासाठी एकामागून एक कार्डे विकत घेतली जाऊ लागली, की दानाची जागा स्पर्धा घेते. गुप्तदानाची महती जाणणाऱ्या घरांना हे वेगळे सांगायला नको.

उरलेल्या लाखाचे काय?

घरात असलेला संगणक मर्यादेत राबवायचा, तर स्मरणार्थ ठेवलेले लाख रुपये शिल्लकच राहतात. संशोधनाचे फळ मिळायला वर्षे लागतात. क्षयाचा रुग्ण मात्र आज गल्लीच्या टोकाला राहतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झारखंडमधील मोठ्या अभ्यासात, क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना दरमहा अतिरिक्त शिधा दिल्यावर त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण जवळजवळ ४० टक्क्यांनी घटले. सरकार उपचारकाळात रुग्णाला पोषणासाठी पैसे देते. ही रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला हजार रुपये झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘निक्षय मित्र’ योजनेत कोणतीही व्यक्ती वा संस्था रुग्णांच्या पोषणाचा भार निदान सहा महिने उचलू शकते. त्यासाठी अमरावती किंवा अकोल्याच्या जिल्हा क्षयरोग केंद्राशी संपर्क साधावा लागतो.

महिन्याला हजार रुपयांचा शिधा धरला, तर एका रुग्णाला सहा महिन्यांत सहा हजार लागतात. लाखात सोळा रुग्ण बसतात आणि चार हजार रुपये उरतात. त्यांतले २,३०४ रुपये हिवाळ्याच्या विजेला द्यावेत. मग आजीच्या नावाने सोळा घरांत डाळ-तांदूळ पोहोचेल, आणि त्याच थंडीत, सारे झोपले असताना, टेबलावरचा जुनाच संगणक एखाद्या प्रथिनाच्या घडीचे गणित सोडवत राहील.