मोबाईल : मदतनीस की मास्तर?

मुलांनो, तुमच्या पुस्तकात ठिपक्याठिपक्यांची चौकोनी खूण आहे ना? तिला क्यूआर कोड म्हणतात. मोबाईल समोर धरला, की धड्याची माहिती दिसते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जि. प. शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी ही युक्ती वापरली. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी करोनामुळे शाळा बंद झाल्या. अभ्यास मोबाईलवर आला. पण ज्यांच्या घरी मोबाईल नव्हता, ती मुले मागे पडली.

आपल्या वसईत जुलै २०१८ च्या पावसात पाणी भरले, बऱ्याच ठिकाणी वीज गेली. वीज नाही तर मोबाईल बंद! डोक्यातले पाढे मात्र बंद पडत नाहीत.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ साली ठरवले : संध्याकाळी ७ ला भोंगा वाजला, की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, अभ्यास सुरू.

म्हणून आधी स्वतः वाचा. अडले तर गुरुजी-बाईंना विचारा. मग मोठ्यांच्या परवानगीने मोबाईल पाहा. वसईचा किल्ला मोबाईलवर दिसतो खरा; पण त्याचा तट केवढा जाड, हे तिथे गेल्यावरच कळते.

मोबाईलला मदतनीस करा, मास्तर नको!