मुलग्याची शी-शू : कुठं, कधी आणि कशी

आजचा विषय गटाच्या बैठकीत कधी पहिला निघत नाही. हप्ते जमा होतात, कर्जाच्या मागण्या होतात, वही मिटते, आणि बायका उठायला लागल्या की कुणीतरी हळूच विचारते, "ताई, आमचा तीन वर्षांचा झाला, अजून कुठंही बसतो. काय करू?" असं विचारणारी बहुतेक वेळा मुलग्याची आई असते. मुलीबद्दल हा प्रश्न आमच्याकडे फार कमी येतो. असं का, त्याकडे पुढे येऊच.

आम्ही कांदिवलीत बचत गटांचं काम करतो. मुंबई म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे टॉवर येतात. तेही आहेत. पण कांदिवली पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराला टेकून दामूनगर, क्रांतीनगर अशा वस्त्या आहेत. तिथं पुष्कळ घरं म्हणजे एक खोली आणि कोपऱ्यात मोरी. संडास सगळ्यांचा मिळून, सकाळी रांग. मोठ्यांनाच नंबर लागत नाही, तिथं पोराला कोण पुढं घेणार? मग त्याला गटाराच्या कडेला बसवायचं, नाहीतर कागदावर. तुमच्याकडे गटाराच्या जागी उकिरडा किंवा अंगणाची कड असेल, एवढाच फरक.

आधी वयाचं बघू. शी-शू धरून ठेवायला आणि सांगायला मुलाच्या अंगात तयारी यावी लागते. ती साधारण दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान येते. मुलगे मुलींपेक्षा सरासरी काही महिने मागे असतात, त्यामुळे शेजारणीच्या मुलीशी तुलना करून त्याला मारण्यात अर्थ नाही. तयारी ओळखायची कशी? दीड-दोन तास चड्डी कोरडी राहते, चड्डी खाली ओढता येते, ओलं झालं की तो सांगतो, किंवा शी लागली की दाराआड जाऊन लाल तोंड करून उभा राहतो. दाराआड जातो म्हणजे त्याला कळतंय.

आपल्या आज्या बाळाला चार-सहा महिन्यांपासून पाय लांब करून पायांवर बसवतात, "शू-शू" म्हणतात आणि बाळ करतंही. ही पद्धत चांगलीच आहे, लंगोट वाचतात. पण त्यात खूण ओळखते ती आजी, बाळ नव्हे. म्हणून वर्षाचा होईपर्यंत पायांवर करणारा मुलगा चालायला लागल्यावर सगळं विसरला असं वाटतं. तो विसरलेला नाही. आता त्याला स्वतःहून शिकायचं आहे, ते नवं काम आहे. दिवसभर डायपर घातलेल्या मुलाला तर ओलं झाल्याचं नीट कळतही नाही. शिकवायचं ठरवलंत तर दिवसा डायपर काढा, साधी चड्डी घाला. धुणं वाढेल, ते कबूल.

बसवायचं जेवणानंतर किंवा सकाळी दूध प्यायल्यावर. पोटात अन्न गेलं की आतडी हलतात, त्यामुळे तीच योग्य वेळ. पाचेक मिनिटं बसवा, झाली नाही तर उठवा, तासभर दाबून ठेवू नका. पाय टेकलेले हवेत. प्लॅस्टिकचं पॉटीचं भांडं उत्तम, पण ते नसलं तरी दोन विटा नीट रोवून मध्ये कागद किंवा राख टाकली तरी चालतं. सुरुवातीला मुलग्यालाही शूसाठी बसवूनच शिकवा. उभा राहिला की खेळात पाणी उडवतो आणि शीचं लक्षात राहत नाही. बसून जमलं की मग उभ्यानं, आणि ते बापानं, काकानं, मोठ्या भावानं शिकवायचं. नेम कुठं धरायचा, नंतर पाणी कसं ओतायचं, हे बापानं एकदा करून दाखवलं की आईच्या दहा वेळा सांगण्याइतकं काम होतं. आमच्या बायका हसतात यावर, पण ज्या घरी बापानं मनावर घेतलं तिथं लवकर निभावलं, हे आम्ही पाहिलंय.

मारू नका म्हणतो ते लाड म्हणून नाही. मार बसला की मुलगा शी दाबून ठेवतो. दाबली की ती घट्ट होते, घट्ट झाली की दुखते, दुखली की पुढच्या वेळी तो आणखी दाबतो. यातून एक फसवी गोष्ट होते. आत घट्ट खडा अडकतो आणि त्याच्या कडेनं पातळ शी झिरपून चड्डीला लागत राहते. आईला वाटतं जुलाब लागले, किंवा मुद्दाम करतोय. असं वारंवार दिसलं तर घरी जुलाबाचं औषध देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. एरवी पाणी, पालेभाजी, पपई, भाकरी पोटात जाऊ द्या. दिवसभर बिस्कीट आणि बाटलीतलं दूध यावर वाढणाऱ्या मुलांचं पोट साफ होत नाही.

आता संडासाची भीती. संडासाचं भांडं मोठ्या माणसाच्या मापाचं असतं. अडीच-तीन वर्षांच्या मुलाचे पाय त्यावर फाकत नाहीत, आत अंधार, खाली भोक. आपण पडू ही त्याची भीती खरी आहे. ही गोष्ट ओळखली ती वस्तीतल्या बायकांनीच. मुंबईत भायखळ्याला फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी १९८६ मध्ये महिला मिलन ही संघटना उभी केली. पुढे १९९९ पासून पुणे महापालिकेसाठी महिला मिलन, राष्ट्रीय झोपडपट्टीवासी संघटन आणि स्पार्क यांनी मिळून वस्त्यांमध्ये सार्वजनिक संडास बांधले. त्यांत पुष्कळ ठिकाणी मुलांची जागा वेगळी ठेवली : भांडी लहान, भोक लहान, तोल जाऊ नये म्हणून धरायला दांडी. मुलांची रांगही मोठ्यांच्या रांगेतून सुटली. तुमच्या ग्रामपंचायतीत शाळेचा किंवा अंगणवाडीचा संडास बांधायचा विषय आला की ग्रामसभेत एवढं नक्की मागा : एक भांडं लहान मापाचं आणि भिंतीला दांडी. घरच्या संडासात दाराच्या आत हाताला येईल अशी एक दोरी बांधली आणि पहिले काही दिवस दार उघडं ठेवून आई समोर उभी राहिली, तरी अर्धी भीती जाते.

"लेकराची शी, तिला काय होतंय" असं आपल्याकडे म्हणतात. ते खरं नाही. मुलाच्या शीतून जुलाबाचे जंतू आणि जंतांची अंडी मोठ्यांच्या शीइतकीच पसरतात, आणि लहान मुलांना जंत-जुलाब होतातही जास्त. आमच्याकडे गटारात टाकलेलं पोयसर नदीत जातं, पावसाळ्यात तेच पाणी घरात शिरतं. तेव्हा कागदावरची शी उचलून संडासात टाका. संडास लांब असेल तर खड्डा करून वर माती ओढा. उकिरड्यावर टाकू नका, तिथं कोंबड्या उकरतात आणि पोरं खेळतात. त्याचे ढुंगण धुतल्यावर स्वतःचे हात साबणानं धुवा, त्याचेही धुवा.

आता मुलग्यांचाच प्रश्न जास्त का येतो ते. मुलगी दोन वर्षांची झाली की "झाक, आत चल" सुरू होतं. मुलगा चार वर्षांचा झाला तरी "मुलगाच आहे, बस इथंच". मुलीला आपण धरून ठेवायला शिकवतो आणि मुलग्याला कुठंही सोडायला. दोन्हींत नुकसान आहे. मुलगी तासन् तास दाबून ठेवते, त्यातून लघवीच्या जागेचे आजार होतात. मुलगा मोठा होऊन गल्लीच्या तोंडाशी भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, आणि तिथूनच आपल्या बायका-पोरी हंडे घेऊन मान खाली घालून जातात. मोठ्या पुरुषाला अडवणं आपल्याला जमत नाही, पण तीन वर्षांच्याला "इथं नाही, मोरीत" म्हणणं जमतं. सासूबाई म्हणतील, काय बिघडतंय? त्यांना बाजूला घेऊन शांतपणे सांगा. मुलासमोर वाद झाला की तो आजीकडेच पळणार.

रात्री अंधारात मुलाला एकट्याला बाहेर बसवू नका. आमच्याकडे जंगल भिंतीपलीकडे आहे, तुमच्याकडे ऊस असेल. बिबट्या दोन्हीकडे येतो, आणि बसलेलं मूल त्याला लहान जनावरासारखं दिसतं.

आंघोळीच्या वेळी मुलग्याच्या शूच्या जागेची कातडी जोर लावून मागे ओढायची पद्धत काही घरांत आहे. ती सोडून द्या. लहानपणी ती कातडी चिकटलेलीच असते आणि वय वाढेल तशी आपोआप सुटते. ओढली तर चिरते, रक्त येतं आणि नंतर ती खरोखर आखडते. वरून पाण्यानं धुणं पुरे. मात्र शू करताना मूल रडत असेल, धार अगदी बारीक येत असेल किंवा सोबत ताप असेल तर दवाखान्यात न्या.

रात्रीचं अंथरूण ओलं होणं हा वेगळा विषय आहे. दिवसा सगळं सांगणारा मुलगाही पाच वर्षांपर्यंत रात्री ओला करू शकतो, मुलग्यांत ते जास्त दिसतं, आणि पुष्कळ वेळा घरात बापाचंही लहानपणी तसंच असतं. आजीला विचारा, ती सांगेल. झोपायच्या आधी शूला न्या, गोधडीखाली प्लॅस्टिक घाला, चारचौघांत त्याची गोष्ट सांगू नका. पाच-सहा वर्षांनंतरही थांबलं नाही तर डॉक्टरांचा सल्ला घ्या. आणि कित्येक महिने कोरडा राहिलेला मुलगा अचानक पुन्हा ओलं करायला लागला, तर आधी घरात काय बदललं ते बघा : नवं बाळ आलंय, शाळा सुरू झालीय, कुणी मारतंय. त्याबरोबर त्याला फार तहान लागत असेल, सारखी शू होत असेल आणि तो वाळत चालला असेल, तर वाट न बघता त्याच दिवशी आरोग्य केंद्रात नेऊन त्याची साखर तपासून घ्या.